दोन भाकरी जास्तीच्या

जावा जावा उभा दावा, असं म्हणणाऱ्याने जांब्यातल्या या दोघींना पाहिलं नसावं. सगुणाबाई थोरली, साळूबाई धाकटी. दोघींनी अर्धा जन्म एका चुलीवर रांधलं आणि त्यांचं भांडण कधी उंबऱ्याबाहेर ऐकू आलं नाही. भांडायला वेळ कुठे होता? भातखाचरं होती, गोठा होता, खाणारी तोंडं घरभर होती. मग हिंजवडीच्या कंपन्या सरकत सरकत गावाच्या अंगावर आल्या, खाचरांना सोन्याचा भाव आला, आणि गरिबीला जे कधी जमलं नव्हतं ते त्या सोन्याने दोन महिन्यांत करून दाखवलं. एका घराची दोन घरं झाली.

सगुणाबाईचा नवरा भिवाजी लवकर गेला. म्हणून जमिनीचे सगळे व्यवहार नथूने, साळूबाईच्या नवऱ्याने पाहिले. वाटणीत रस्त्याकडेचा तुकडा त्याने स्वतःला ठेवला आणि ओढ्याकडचा निरंजनच्या, म्हणजे पुतण्याच्या, पदरात टाकला. विचाराल तर चूकच केलं, आणि साळूबाईलाही ते मनातून ठाऊक होतं. पण नवऱ्याची बाजू घ्यायची नाही तर कुणाची? एके दिवशी अंगणात तोंडाला तोंड लागलं. सगुणाबाई म्हणाली, "माज्या लेकराच्या तोंडचा घास काढला गं तुमी." त्यावर साळूबाईने कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजपासनं तुज्या घरचा शिळा तुकडा तोंडात घातला, तर नावाची साळू न्हाई!"

शिळा तुकडाच का आला तोंडात, त्यालाही कारण होतं. त्या घरात सकाळची न्याहारी म्हणजे कुस्करा. रात्री तांदळाच्या दोन-चार भाकरी जास्तीच्या थापायच्या आणि टोपलीत फडक्याखाली ठेवून द्यायच्या. सकाळी त्या हाताने कुस्करायच्या, वर ताकाचा हबका मारायचा, ठेचलेल्या लसणाची आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची, झाकण टाकून वाफ आणायची. आधी पुरुष खायचे, मग पोरं. तळाला जी तांबूस खरवड राहायची ती दोघी जावा कढईतच खायच्या, एक उलथनं दोघींत. साळू नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा धड येत नव्हती. कुस्करा तिला सगुणाबाईनेच शिकवला, पण पुढे हात बसला तो साळूचा. "मी केला तर भुगा हुतो, आन् हिनं केला तर कुस्करा," असं सगुणाबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

कुस्कऱ्याचं एक आहे. ताज्या भाकरीचा तो होत नाही, लगदा होतो. उद्या करायचा तर आजच्या रात्रीच मनात आणावं लागतं.

भांडणानंतर मधोमध भिंत उठली. भिंतीच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मजले चढले, खोल्या काढल्या, अकोल्या-लातूरची पोरंपोरी भाड्याने राहायला आली. पण गवंड्याने दोन्ही घरांची खालची स्वयंपाकघरं समोरासमोर काढली होती. भिंतीवरून माणूस दिसत नसे, फोडणी मात्र ऐकू येई. इकडे मोहरी तडतडली की तिकडे कळायचं, साळू उठली. तिकडे चुर्र झालं की इकडे कळायचं, आक्का उठली. बोलणं बंद होतं, तेवढं मात्र चालू राहिलं.

भावकीतलं येणंजाणंही आटलं. निरंजनने भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता, त्यातून नथूचा नंबर काढून टाकला. मोठं शौर्यच केलं. भावकीत कुणी गेलं की दहा दिवस कुणाच्या घरात फोडणी पडत नाही, कढई पालथी राहते, हा नियम या गावात अजून कुणी मोडलेला नव्हता. पण कोण गेलं हे कळायला आता ग्रुप लागतो.

त्या वर्षीच्या थंडीत पलीकडची फोडणी थांबली. म्हणजे सून करायची, वैष्णवी. पण तिची फोडणी घाईची, मोहरी तडतडायच्या आत जिरे टाकणारी. साळूबाईच्या कानाला फरक लगेच कळला. मग एकदा दारात रुग्णवाहिका आली नि गेली. साळूबाई वरच्या खिडकीच्या पडद्याआडून पाहत राहिली. कुणी येऊन सांगितलं नाही, आणि हिने कुणाला विचारलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

निरोप आला तो अपूर्वाकडून. ही निरंजनच्या वरच्या मजल्यावर राहणारी, कंपनीत कामाला जाणारी अकोल्याची मुलगी. सकाळी कॅबची वाट बघत ती कोपऱ्यावर उभी असायची. साळूबाई फाटकासमोर झाडत होती, तिच्यापाशी ती बिचकत आली.

"आजी, एक सांगू? रागावू नका हं. खालच्या आजींना जेवण जातच नाही. गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय म्हणतात. काल म्हणाल्या, साळूच्या हातचा कुस्करा मिळाला असता तर दोन घास गेले असते."

साळूबाईच्या हातातला खराटा थांबला. पण जीभ मेली थांबते थोडीच.

"येवढं हाय तर लेकाला धाड म्हनावं," ती म्हणाली. "भाडेकरनीच्या हाती निरोप धाडतीया व्हय?"

"मग मी काय सांगू त्यांना?"

कॅबवाल्याने हॉर्न दिला. साळूबाईने पाठ फिरवली आणि ती झाडायला लागली. अपूर्वा गाडीत बसून निघून गेली.

रात्री साळूबाईने नथूच्या कानावर घातलं. नथू टीव्हीवर कुस्त्या बघत होता. मान न वळवता तो म्हणाला, "तू कुस्करा घिऊन गेलीस की आख्खं गाव म्हनंल, नथूनं खाल्लं हुतं, आता वकलं."

"मी कुटं जाते म्हनलं?"

"मग इचारतीस कशाला?"

तेव्हापासून साळूबाई निरंजनची वाट पाहू लागली. एकदा येऊन "काकी, आई बोलवतीया" म्हणाला असता तर अनवाणी धावली असती ती. पण निरंजनची गाडी रोज काचा वर करून समोरून जायची. त्याला बिचाऱ्याला निरोपाचा पत्ताच नव्हता, हे हिच्या डोक्यातच आलं नाही. मानी माणसाला वाटतं, आपल्या मनात चाललंय ते सगळ्या जगाला दिसतंय आणि जग मुद्दाम तोंड फिरवतंय.

त्यात रोज सकाळी गच्चीवरून एक गोष्ट तिच्या डोळ्यात खुपायची. वैष्णवी फाटकाबाहेर यायची आणि काळ्या कुत्र्यापुढे भाकरी टाकायची. चतकोर-नितकोर नव्हे, अख्ख्या दोन, तांदळाच्या, पांढऱ्याशुभ्र. कुत्रं आता तिची वाट बघत बसायला लागलं होतं. साळूबाई बघायची आणि मनात जळायची. म्हातारीला घास जात नाही म्हणतात आणि कुत्र्याला अख्ख्या भाकरी! पैसा आला की माज येतोच, दुसरं काय. असं म्हटलं की तिला जरा बरं वाटायचं, न जाण्याला एक कारण मिळायचं.

मग एका दुपारी वैष्णवीने सासूला उन्हात आणून बसवलं. साळूबाई गच्चीवर वाळवणाचे गहू खालीवर करत होती, तिथून सगळं अंगण दिसत होतं. खुर्चीत बसलेली बाई तिला आधी ओळखू आली नाही. दोन-दोन घागरी काखेला मारून ओढ्याचा चढ चढणारी आक्का ती ही? मूठभर झाली होती नुसती. सगुणाबाईने डोळ्यावर हात धरून वर पाहिलं. नजरानजर झाली. थोरलीने हात उचलला, हाक मारावी तसा, आणि तो तसाच खाली मांडीवर पडला. साळूबाई मटकन कठड्याखाली बसली. चोरी करताना सापडल्यासारखी. गहू पाखरांनी खाल्ले तरी ती बराच वेळ तिथून हलली नाही.

तिन्हीसांजेला ती पीठ शोधू लागली. त्या घरात भाकरी होऊन किती दिवस झाले होते! मुलगा-सून महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलेले, नथूचे दात गेलेले. सकाळी दुकानातल्या स्लाइस चहात बुडवायच्या, रात्री पोळीचे तुकडे आमटीत, असं दोघांचं चाललं होतं. डब्याच्या तळाशी तांदळाचं पीठ निघालं. साळूबाईने ते नाकाशी धरून पाहिलं, पाणी उकळलं, उकड काढली, आणि परातीत भाकरी थापायला बसली. हात विसरला नव्हता.

"आज भाकरी?" नथूने दारातून विचारलं.

"उद्याच्याला."

नथूला कळलं. एवढी वर्षं त्या कुस्कऱ्यावर पोसलेला माणूस तो. त्याने आत जाऊन टीव्ही लावला. साळूबाईने दोन जाड भाकरी फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. उद्या सकाळी जायचं. निरंजन काय बोलायचं ते बोलू दे, आळी काय हसायची ती हसू दे. आक्काच्या तोंडात दोन घास जाऊ देत, मग आपण खरवड मागायची. उलथन्याने. त्या विचाराने तिला एकटीलाच हसू आलं.

पहाटे पलीकडे फाटक वाजलं, गाड्या आल्या-गेल्या. साळूबाईने कूस बदलली. पहिल्या पाळीच्या कॅबा, तिला वाटलं. उजाडताच ती अंघोळ करून स्वयंपाकघरात आली. भाकरी हव्या तशा कडक झाल्या होत्या. तिने त्या कुस्करल्या, फार बारीक नाही, फार जाड नाही. ताकाचा हबका मारला. तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण तांबूस झाला, मिरचीचा ठसका घरभर उठला तशी तिने खिडकी सताड उघडली. कुस्करा कढईत पडला आणि चुर्र आवाज भिंतीपलीकडे गेला. जाऊ दे, ती मनात म्हणाली. कळू दे आक्काला, साळू उठली.

झाकण ठेवून तिने वाफ आणली. खरवड उलथन्याने सोडवून सगळ्यात वर घातली, डबा भरला, पदराखाली घेतला. नथू ओट्यावर बसला होता. त्याने डब्याकडे पाहिलं.

"मीठ बगितलंस का?" त्याने विचारलं.

"बगितलं," ती म्हणाली, आणि तिला नवऱ्याचा फार दिवसांनी लोभ वाटला.

दोन घरांत भिंत एक, पण वाट आळीला वळसा घालून. वळणावरून पुढे येताच तिला फाटकाशी चपलांचा ढीग दिसला. आत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, माणसं गप्प बसलेली. पूजाबिजा आहे का काय, असंही क्षणभर वाटून गेलं. मग दोन माणसं बांबू तासत बसलेली दिसली, शेजारी मडकं.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. भावकीतली एक म्हातारी पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "साळे, फोडनी टाकलीस व्हय गं? जाऊ घरात मरून पडलीया, आन् तुज्या लसनाचा वास हितं आमच्या नाकात!"

"आक्का..." साळूबाई म्हणाली.

"पहाटंच गेली. गावाला ठावं, आन् भिंतीपल्याडच्याला ठावं न्हाई?"

"मला कुनी... रडन्याचा आवाज न्हाई..."

"जया पौडावरनं येस्तवर रडायचं न्हाई, असं ठरलं हुतं. लेकीनं आधी तोंड बगावं म्हनून." म्हातारीचा आवाज जरा उतरला. "ग्रुपवर टाकलं हुतं की."

निरंजन बांबूपाशी उभा होता. डोळे तांबडेलाल. तो साळूबाईकडे न बघताच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, म्हातारे. त्यांना आमचं सुतक लागत न्हाई."

थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तिच्यासाठीच केला रे, निरंजन, हे वाक्य साळूबाईच्या ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. कुठल्या तोंडाने सांगणार? तिच्यासाठी केला, तर इतके दिवस कुठे होतीस? बैल गेला नि झोपा केला. पदराखालचा डबा अजून कढत होता, पोटाला चटके बसत होते. ती भिंतीच्या कडेला, धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसली. तिला कुणी ये म्हटलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही.

जया आली आणि घराने हंबरडा फोडला. मयताला अंघोळ घालायला भावकीतल्या बायकांना आत बोलावलं. पाणी थोरल्या जावेला घालायचं तर पहिला मान धाकटीचा. साळूबाई अर्धी उठली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, तशी ती परत बसली. दारातून तिला फक्त आक्काचे तळपाय दिसले, भेगाळलेले. त्या भेगांत ही साळूच रात्री तेल जिरवायची, आणि आक्का म्हणायची, बास गं, तू बी दमलीस. साळूबाईने तोंडात पदर कोंबला आणि ती रडली, आवाज न करता, कारण त्या घरात आवाज करून रडायचा हक्कही तिने गमावला होता.

पुरुष माणसं मयत घेऊन गेली. मागे बायका घर धुवायला लागल्या. रिवाजाप्रमाणे भरलेलं पाणी ओतून दिलं, शिजलेलं अन्न बाहेर काढलं. वैष्णवी भाकरीची टोपली घेऊन दगडापाशी आली. मागून अपूर्वा पाण्याची बादली घेऊन आली; आज कामावर गेली नव्हती. वैष्णवीने फडकं उचललं. आत दोन भाकरी होत्या. तांदळाच्या, जाड, कडक झालेल्या.

काळं कुत्रं फाटकातून शेपूट हलवत आत आलं. रोजच्या वेळेपेक्षा आज उशीर झाला होता त्याला.

साळूबाई भाकरींकडे बघत राहिली. "ह्या... कुनासाठी गं?"

वैष्णवीचा बांध फुटला. "तुमच्यासाठी, काकी. रोज रातच्याला मला दोन जास्तीच्या थापाय लावायच्या. म्हनायच्या, उद्या साळू यील. तिच्या घरी आता स्लाइस खात्यात, तिला शिळी भाकरी कुटनं घावायची? हितं आपल्या कढईत करंल ती. सकाळी तुमच्या फोडनीचा आवाज झाला, का दाराकडं बघत बसायच्या. आन् ऊन वर आलं, का म्हनायच्या, आज काय तरी काम निघालं आसंल तिला. टाक ह्या कुत्र्याला, उद्याला दुसऱ्या ठेव."

"यील म्हनून कुनी सांगितलं तिला?"

अपूर्वाने बादली खाली ठेवली. "मी, आजी. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात ना... मी म्हटलं, येते म्हणाल्यात. त्यांना इतका आनंद झाला, मग मला खरं सांगवेना."

साळूबाईने तिच्याकडे पाहिलं. रागवायला जागाच नव्हती. पोरीने खोटं सांगितलं होतं, आणि ते खरं करायला साळूबाईला किती सकाळी मिळाल्या होत्या! तिने डबा उघडला, वरची खरवड मुठीत घेऊन एकदा बघितली आणि तिच्यासकट सगळा कुस्करा कुत्र्यापुढे ओतला. मग हात पुढे केला आणि टोपलीतली एक भाकरी उचलली.

"काकी, नका," वैष्णवी घाबरून म्हणाली. "मयताच्या घरातलं हाय. टाकायचं आसतं ते."

साळूबाईने भाकरी मोडली. कट्ट वाजली ती. पायरीवरच्या म्हातारीने मान वर केली, आतल्या बायका दारात आल्या. आळीला ऐकू जाईल अशी घेतलेली शपथ त्यांतल्या सगळ्यांना पाठ होती. साळूबाईने आक्काच्या घरचा तो शिळा तुकडा तोंडात घातला आणि चावू लागली. दाढा दुखल्या, घशात अडकला, तरी गिळला. आणखी एक मोडला.

वैष्णवी तिच्याशेजारी बसली, पाण्याचा तांब्या पुढे सारला. "कोरडीच खाता व्हय, काकी?"

"सुतक हाय मला," साळूबाई म्हणाली. "फोडनी चालत न्हाई."